बेल्सेनचं फाटक उघडल्यानंतर: एका लष्करी डॉक्टरापुढचं प्रकरण

15 एप्रिल 1945 रोजी ब्रिटिश सैन्य उत्तर जर्मनीतल्या बेर्गेन-बेल्सेन छळछावणीत शिरलं. शाळेच्या पुस्तकात छावणीची हकीकत इथे संपते: फाटक उघडलं, कैदी सुटले. पण त्या दिवशी जिवंत असलेल्या माणसांपैकी सुमारे 13,000 माणसं सुटकेनंतर मेली. एप्रिल संपेपर्यंत 9,000 आणि जूनअखेरपर्यंत आणखी 4,000. ती कोणाच्या गोळीने मेली नाहीत. ती भुकेने, टायफसने (उवांमुळे पसरणाऱ्या तापाने), क्षयाने, जुलाबाने मेली. त्यांना वाचवायला आलेल्या लष्कराच्या ताब्यात, त्याच्या डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत मेली. काही तर मिळालेलं अन्न खाऊन मेली.

त्यातली किती वाचवता आली असती, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. त्यासाठी पाहायचं ते ब्रिगेडियर ह्यू लेवेलिन ग्लिन ह्यूज यांच्याकडे. ब्रिटिश दुसऱ्या सेनेच्या वैद्यकीय व्यवस्थेतले ते वरिष्ठ अधिकारी. वय पन्नाशीपलीकडचं, पहिल्या महायुद्धात आघाडीवर डॉक्टर म्हणून शौर्यपदकं मिळवलेला माणूस, रग्बीचा जुना खेळाडू. नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत जखमींची ने-आण, रक्त, खाटा, शस्त्रक्रियेची पथकं यांचा सगळा हिशेब त्यांनी सांभाळला होता. युद्धातल्या मरणाची त्यांना चांगली ओळख होती. बेल्सेनला मात्र तो अनुभव फारसा पुरला नाही.

लढाई न होता मिळालेली छावणी

बेल्सेन लढून जिंकलेलं नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. 12 एप्रिलला जर्मन लष्कराचे अधिकारी पांढरं निशाण घेऊन ब्रिटिशांकडे आले. छावणीत टायफस पसरला होता आणि कैदी बाहेर पळाले तर साथ दोन्ही सैन्यांत जाईल, अशी त्यांना धास्ती होती. तह झाला. छावणीभोवतीचा सुमारे 48 चौरस किलोमीटरचा पट्टा तटस्थ ठरला. छळछावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाचे बहुतेक पहारेकरी निघून जाणार, कारभार पाहणारे थांबणार, जर्मन आणि हंगेरियन सैनिक बाहेरचा पहारा देत राहणार. जर्मन सैनिकांना काही दिवसांनी आपल्या ओळींकडे परत जाऊ द्यायचं, हेही त्यात होतं.

म्हणजे ब्रिटिशांना तीन दिवस आधी कळलं होतं की तिथे साथ आहे. पण कागदावरच्या ‘साथ’ या शब्दातून समोर काय येणार याचा अंदाज कोणाला आला नाही. आधी शिरलेल्यांत कॅप्टन डेरिक सिंग्टन होते, ध्वनिक्षेपक लावलेली गाडी घेऊन. त्यांनी घोषणा केली की तुम्ही आता मुक्त आहात, पण साथीमुळे छावणी सोडता येणार नाही; अन्न आणि औषधं येत आहेत. हे ऐकणारी कित्येक माणसं जागची उठूही शकत नव्हती.

छावणी एवढी भरली कशी, तेही थोडक्यात सांगतो. बेल्सेनला गॅस चेंबर नव्हतं. आधी ती युद्धकैद्यांची छावणी होती आणि तिथे जवळपास 20,000 सोव्हिएत युद्धकैदी मेले. 1943 मध्ये एसएसने तिचा काही भाग घेतला, तो परदेशातल्या जर्मनांच्या बदल्यात देता येतील असे ज्यू कैदी ठेवायला. मग पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य पुढे सरकू लागलं तशा तिकडच्या छावण्या रिकाम्या करण्यात आल्या आणि कैद्यांच्या रांगा, मालगाड्या बेल्सेनला येऊन पडू लागल्या. डिसेंबर 1944 मध्ये आउश्वित्झहून योझेफ क्रॅमर इथे कमांडंट म्हणून आला. तेव्हा सुमारे 15,000 कैदी होते. एप्रिलमध्ये 60,000 झाले. जागा, पाणी, संडास, भाकरी यांतलं काहीच वाढलं नाही. मार्च 1945 या एका महिन्यात इथे 18,000 माणसं मेली. डायरीमुळे पुढे जगाला माहीत झालेली ॲन फ्रँक आणि तिची बहीण मार्गोट 1945 च्या फेब्रुवारी किंवा मार्चमध्ये इथे गेल्या.

पहिल्या दिवसाची मोजदाद

ह्यूज पहिल्याच दिवशी पोचले आणि छावणीतून फिरले. दोन भाग होते. जुन्या छावणीत, जिला ब्रिटिशांनी छावणी क्रमांक 1 म्हटलं, 40,000 हून जास्त माणसं. दीड-दोन किलोमीटरवरच्या रणगाडा-प्रशिक्षण केंद्राच्या पक्क्या बराकींत उरलेली 15,000, त्यांची अवस्था जरा बरी. जुन्या छावणीत सुमारे 10,000 प्रेतं उघड्यावर पडलेली. बराकींच्या आतही प्रेतं होती, जिवंतांच्या शेजारी आणि काही ठिकाणी अंगाखाली, कारण ढकलून बाहेर काढण्याएवढी ताकद कोणात नव्हती. वीज गेलेली, त्यामुळे पाण्याचा पंप बंद. जुलाबाने बेजार झालेल्या हजारो माणसांना संडास नाहीत.

पुढे सप्टेंबरमध्ये, क्रॅमर आणि इतरांवरच्या खटल्यात, ल्युनेबर्गच्या लष्करी न्यायालयात ह्यूज यांची साक्ष झाली. तीस वर्षं डॉक्टरी केली, युद्धाचे सगळे भयानक प्रकार पाहिले, पण याच्या जवळपास जाईल असं काही पाहिलं नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या साक्षीतलं दुसरं एक विधान मला जास्त महत्त्वाचं वाटतं. छावणीत फिरून त्यांनी अंदाज बांधला होता की 70 टक्के लोकांना रुग्णालयात हलवावं लागेल, आणि त्यांपैकी 10,000 जण रुग्णालयात पोचण्याआधीच मरतील.

एखादा डॉक्टर पहिल्या फेरीतच असा आकडा मनाशी धरतो, तेव्हा तो निष्ठुर झालेला नसतो. त्याला पुढचे सगळे निर्णय या आकड्याच्या आत बसवायचे असतात. डॉक्टर मोजके, स्ट्रेचर मोजके, आणि सेना अजून लढत होती. एल्ब नदी ओलांडायची होती, तिथल्या जखमींसाठी खाटा राखून ठेवायच्या होत्या. मिळालेली पथकं किती? 11 वी लाइट फील्ड ॲम्ब्युलन्स, लेफ्टनंट कर्नल जेम्स जॉन्स्टन यांचं 32 वं कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन, एक स्वच्छता विभाग. ही पथकं 17 एप्रिलच्या सुमारास आली. काहीशे जखमींवर उपचार करून त्यांना मागे पाठवायला बांधलेली ही यंत्रणा, आणि समोर पंचवीस-तीस हजार मरणासन्न माणसं.

ह्यूज यांनी क्रम ठरवला: आधी पाणी आणि अन्न, मग प्रेतं पुरणं, मग उवा मारणं, आणि त्याच वेळी बराकींत रुग्णालय उभारून माणसं तिकडे हलवणं. म्हणजे वैयक्तिक उपचार शेवटी. डॉक्टरला हे पचणं अवघड असतं. समोरच्या माणसाची नाडी न पाहता पुढे जायचं आणि पाइप, चुली, खड्डे यांचा विचार करायचा. पण 40,000 लोकांच्या छावणीत दहा डॉक्टर नाड्या पाहत बसले असते तर अधिक लोक मेले असते, याबद्दल मला शंका नाही.

पहिलं जेवण

चूक झाली ती अन्नात, आणि ती चूक मायेपोटी झाली.

पहिल्या एक-दोन दिवसांत सैनिकांनी आपल्याजवळचं होतं नव्हतं ते दिलं. चॉकलेट, बिस्किटं, सिगारेटी. लष्कराने पाठवलेल्या शिध्यात मांस-भाजीचे डबे होते, चरबीयुक्त, आघाडीवरच्या धडधाकट जवानासाठी केलेले. ज्यांच्यात चालण्याची ताकद होती त्यांनी ते मिळवलं आणि आधाशासारखं खाल्लं. अनेकांना भयंकर जुलाब लागले, आणि त्यांतले कित्येक गेले. चुकीच्या अन्नाने मेलेल्यांचा आकडा पुढे 2000 च्या आसपास सांगितला गेला. तो अंदाज आहे. टायफसने अर्धमेलं झालेलं शरीर नेमकं कशाने कोसळलं, हे शवविच्छेदनाशिवाय वेगळं काढता येत नाही.

भुकेल्या माणसाला पोटभर जेवायला घालणं घातक कसं ठरू शकतं, हे आज वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असतं. महिनोन्‌महिने उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचे स्नायू जाळून जगतं. आतड्याचं अस्तर विरळ होतं, पाचकरस आटतात. पेशींतलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम संपत येतं, पण रक्तातली पातळी वरवर ठीक दिसते. अशा वेळी एकदम भरपूर अन्न पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं, पेशी साखरेबरोबर हे क्षार रक्तातून ओढून घेतात आणि रक्तातलं फॉस्फेट कोसळतं. हृदयाची लय बिघडते, श्वासाचे स्नायू थकतात. अंगावर सूज चढते. थायमिन (जीवनसत्त्व ब-1) आधीच संपलेलं असेल तर मेंदूवरही परिणाम होतो. त्या काळी या अवस्थेला आजचं ‘रिफीडिंग सिंड्रोम’ हे नाव नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटात ॲन्सेल कीज यांचा उपासमारीचा प्रयोग, 36 स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून, त्याच महिन्यांत चालू होता. त्यातला पुन्हा खाऊ घालण्याचा टप्पा जुलै 1945 मध्ये सुरू झाला, बेल्सेनला उपयोग व्हायला तीन महिने उशिरा.

तरी ‘कोणालाच माहीत नव्हतं’ असं म्हणता येत नाही. माहीत होतं, आणि ते ज्ञान आपल्याकडून गेलं होतं.

बंगालहून आलेली कृती

1943 च्या बंगालच्या दुष्काळात 20 ते 30 लाख माणसं मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवरून उचलून आणलेल्या लोकांवर उपचार करताना तिथल्या डॉक्टरांना कळत गेलं की साधा भात-डाळही त्यांना सोसत नाही. थोडं, पातळ, वारंवार द्यायला हवं. प्रथिनं आधीच फोडून तयार केलेले द्राव, म्हणजे प्रोटीन हायड्रोलायसेट, तोंडाने आणि शिरेतून देण्याचे प्रयोगही तिथेच झाले. या अनुभवातून एक मिश्रण ठरलं: साय काढलेल्या दुधाची भुकटी, पीठ, साखर, मीठ आणि पाणी. ब्रिटिश वैद्यकीय वर्तुळात त्याचं नाव पडलं ‘बंगाल फॅमिन मिक्स्चर’.

हे नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. ज्या ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळाने बंगालसाठी धान्याची पुरेशी जहाजं सोडली नाहीत, त्याच राज्याच्या मदत योजनेत बंगालच्या मेलेल्यांकडून मिळालेली कृती डब्यात भरून युरोपात गेली. त्यात डॉक्टरांचा दोष नाही. त्यांनी जे कळलं ते वापरलं, आणि तेच बरोबर होतं. पण बेल्सेनच्या हकिकतीत हे नाव येतं तेव्हा त्यामागच्या 20-30 लाखांचा उल्लेख सहसा होत नाही, तो व्हायला हवा.

एप्रिलच्या अखेरीस आहारतज्ज्ञ डॉ. आर्नल्ड माइकलजॉन हे मिश्रण घेऊन बेल्सेनला आले. उपाय शास्त्रशुद्ध होता, पण लोक तो पिईनात. फार गोड होता. छावणीत पोलंड आणि हंगेरीतले ज्यू मोठ्या संख्येने होते, आंबट राय-पाव आणि खारट सूपवर वाढलेले. रोज भाकरी-ठेचा खाणाऱ्याला तापातून उठल्यावर दिवसातून सहा वेळा वाटीभर गोडमिट्ट खीर समोर ठेवली तर त्याचं जे होईल तेच त्यांचं झालं: दोन घोटांत उमासे येऊ लागले. हायड्रोलायसेटची गत याहून वाईट. चव इतकी घाण की तोंडाने जाईना. नाकातून नळी किंवा शिरेत सुई घालायला गेलं की रुग्ण किंचाळत. छावण्यांत इंजेक्शन देऊन आजाऱ्यांना संपवलेलं त्यांनी पाहिलं होतं. सुई घेऊन येणारा गणवेशातला माणूस म्हणजे काय, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

लंडनहून डॉ. जॅनेट वॉन मुद्दाम हेच द्राव तपासायला आल्या होत्या. त्यांचा निष्कर्ष सरळ निघाला: जो गिळू शकतो त्याला साय काढलेलं दूध थोडं थोडं, पुन्हा पुन्हा द्या, त्याने तो लवकर सुधारतो. अन्नाचा साठा तर रणगाडा-प्रशिक्षण केंद्राच्या कोठारातच होता. त्या केंद्रातली बेकरी दिवसाला 60,000 पाव भाजू शकत होती, हे नंतर खटल्यात पुढे आलं. पुरवठा थांबला होता, मी काय करणार, हा क्रॅमरचा बचाव त्या बेकरीपुढे टिकत नाही. दोन किलोमीटरवर अन्न होतं आणि आत माणसं गवताची मुळं उपटून खात होती.

आपल्याकडे मेळघाटात किंवा नंदुरबारला अतितीव्र कुपोषित मूल पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल होतं, तेव्हा त्याला पहिले काही दिवस एफ-75 नावाचं दूध देतात. 100 मिलिलीटरला फक्त 75 कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी, दर दोन तासांनी मोजून. ‘एवढंसंच का देता, पोरगं उपाशी आहे’ असं आई विचारते, आणि तिचं विचारणं रास्त असतं. तिला नीट समजावून सांगणारी नर्स तिथे असावी लागते. दुधाची कृती एकटी पुरत नाही.

दारापर्यंत आणि दारापासून आत

बेल्सेनमध्ये नेमकं हेच झालं, आणि इथे मला या प्रकरणाचा गाभा दिसतो. योग्य अन्न आलं तरी ते बराकीच्या दारापर्यंतच पोचे. आत चारशे-पाचशे माणसं, दोन माणसांच्या जागेत पाच. ज्याला चालता येई तो पिंप गाठे, उरलेलं आतल्या आत वाटलं जाई किंवा लपवलं जाई. जमिनीवर पडलेल्या बाईच्या हातात वाटी कोणी द्यायची? ती उलटली तर तोंड कोणी पुसायचं? सेनेकडे चूल होती, पिंप होतं, भुकटी होती. चमचा धरणारी माणसं नव्हती.

ही माणसं दोन ठिकाणांहून आली. एक, छावणीतूनच. ह्यूज यांनी पहिल्याच दिवसांत डॉ. हदासा बिम्को या कैदी डॉक्टरवर जबाबदारी टाकली. पोलंडच्या या ज्यू दंतवैद्य बाईंचे आईवडील, नवरा आणि लहानगा मुलगा आउश्वित्झला मारले गेले होते. बेल्सेनच्या थंडीत त्यांनी स्वतः अर्धपोटी राहून अनाथ मुलांची एक बराक सांभाळली होती. त्यांनी कैद्यांतूनच 28 डॉक्टर आणि सहाशेहून जास्त मदतनीस उभे केले. यातले कित्येक स्वतः आजारी. बेल्सेनवरच्या लिखाणात ब्रिटिश गणवेशाला जेवढी जागा मिळते तेवढी या सहाशे जणांना मिळत नाही. रुग्णाची भाषा येणारे, सुईची भीती समजणारे, रात्री बराकीत थांबणारे तेच होते.

दुसरे, लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले जवळपास शंभर विद्यार्थी. ते 2 मेच्या सुमारास पोचले. त्यांना एक-एक बराक वाटून दिली. काम सांगायला साधं: सकाळी आधी मेलेल्यांना जिवंतांतून बाहेर काढायचं, घाण उपसायची, मग वाटी घेऊन जमिनीवरच्या प्रत्येकापर्यंत जायचं आणि पाजायचं. एकेका विद्यार्थ्याचं वय वीस-बावीस. काहींना टायफस झाला, काहींना क्षय. त्यांच्या येण्यानंतर मृत्यू झपाट्याने घटले. सुरुवातीला दिवसाला पाचशेच्या घरात मरणारी माणसं मेच्या मध्यापर्यंत शंभराच्या खाली आली. श्रेय एकट्या विद्यार्थ्यांचं नाही. डीडीटीच्या फवाऱ्याने उवा मेल्या होत्या, टायफसची साखळी तुटली होती, अतिगंभीर रुग्ण आधीच गेले होते. पण वाटी माणसापर्यंत पोचू लागली, हेही त्यातलं मोठं कारण.

कपाळावरची खूण

21 एप्रिलच्या सुमारास रुग्ण हलवायला सुरुवात झाली. 11 व्या लाइट फील्ड ॲम्ब्युलन्सचा डॉक्टर बराकीत शिरे, ज्याला हलवायचं त्याच्या कपाळावर खूण करे आणि पुढे जाई. निदान करायचं नाही, रोगाचं नाव लिहायचं नाही. हलवलं तर हा जगेल का, आणि आणखी आठवडाभर इथेच राहिला तर जगेल का, एवढंच ठरवायचं. मागून स्ट्रेचरवाले येत आणि खुणा असलेल्यांना उचलत.

या कामाचा विचार करताना मला सगळ्यात जड जातो तो डॉक्टरच्या हाताचा प्रवास. खूण केलेल्या कपाळाशेजारी खूण न केलेलं कपाळ आहे आणि तो माणूस जागा आहे, पाहतो आहे.

उचललेले रुग्ण प्रशिक्षण केंद्राच्या घोड्यांच्या तबेल्यात नेत. तिथे टेबलांवर त्यांना झोपवून, केस कापून, साबणाने धुऊन, डीडीटी मारून, स्वच्छ ब्लँकेटात गुंडाळत. सैनिक त्याला ‘माणसांची लाँड्री’ म्हणत. धुणाऱ्या नर्सा जर्मन, आसपासच्या रुग्णालयांतून आणलेल्या. पहिल्या दिवशी त्या ताठ्याने आल्या. रुग्ण पाहिल्यावर त्यांतल्या अनेक जणी रडल्या आणि कामाला लागल्या, असं तिथल्या ब्रिटिशांनी लिहून ठेवलं आहे. धुतलेला माणूस मग बराकीतल्या रुग्णालयात जाई. पहिले काही दिवस तिथेही चादरी, कपडे, भांडी यांचा तुटवडाच होता.

याच रुग्णालयाबद्दल 11 व्या लाइट फील्ड ॲम्ब्युलन्सचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल मर्व्हिन गोनिन यांनी एक गोष्ट नोंदवली. डॉक्टर शेकडो गोष्टींसाठी तगादा लावत असताना रेड क्रॉसच्या सामानातून लिपस्टिकचा मोठा साठा येऊन पडला. कोणी मागवला कळेना. गोनिन आधी वैतागले. मग पाहिलं तर अंगावर धड कपडा नसलेल्या बायका ओठ लाल रंगवून खाटेवर बसल्या होत्या. हातावर गोंदलेल्या आकड्याऐवजी त्या पुन्हा कोणीतरी झाल्या, असा गोनिन यांच्या लिहिण्याचा आशय आहे. ही गोष्ट इतकी सांगितली जाते की तिचं गुळगुळीत सुभाषित झालं आहे. मी ती इथे वेगळ्या कारणाने सांगतो. यादीत नसलेली, कोणी न मागितलेली वस्तू उपयोगी पडली आणि यादीत असलेलं शास्त्रशुद्ध मिश्रण ओकून टाकलं गेलं. दोन्ही वेळा रुग्णाला काय हवं आहे हे कोणी विचारलं नव्हतं.

पुरणं आणि पुढचं

प्रेतं पुरायला एसएसच्या स्त्री-पुरुषांना लावलं. हातांनी उचलून गाडीत टाकायचं, खड्ड्यात उतरवायचं. पण 10,000 प्रेतं आणि रोज पाचशेची भर. शेवटी बुलडोझर आणावे लागले. 17 एप्रिलला आलेले ज्यू धर्मगुरू लेस्ली हार्डमन यांनी खड्ड्यांच्या काठी उभं राहून मृतांसाठी कद्दिश ही ज्यू प्रार्थना म्हटली आणि प्रेतं तरी माणसांसारखी खाली ठेवा, असा आग्रह धरला. साथीच्या घाईत तो प्रत्येक वेळी पाळता आला नाही. 19 मेपर्यंत जुनी छावणी रिकामी झाली आणि 21 मेला शेवटची बराक ज्वालाफेकी यंत्राने पेटवून दिली.

खटला ल्युनेबर्गला सप्टेंबर ते नोव्हेंबर 1945 मध्ये चालला. 45 आरोपी. क्रॅमर आणि पहारेकरीण इर्मा ग्रेझसह 11 जणांना फाशी सुनावली गेली आणि 13 डिसेंबरला हामेल्नला दिली गेली. ह्यूज साक्षीदार, बिम्कोही साक्षीदार. वाचवणारा आणि वाचलेली, दोघांनाही न्यायालयात उभं राहून तेच सगळं पुन्हा सांगावं लागलं.

वाचलेल्यांची फरपट लगेच संपली नाही. परत जायला घर नव्हतं, पॅलेस्टाइनची दारं ब्रिटिशांनीच बंद ठेवली होती. त्याच बराकींत निर्वासितांची छावणी 1950 पर्यंत चालली. तिथे शाळा, वृत्तपत्र, नाटकमंडळी उभी राहिली, शेकडो लग्नं झाली आणि दोन हजारांच्या आसपास मुलं जन्मली. रुग्णालयाला नाव दिलं गेलं ग्लिन ह्यूज हॉस्पिटल. बिम्को यांनी छावणीचे नेते योझेफ रोझेनझाफ्ट यांच्याशी लग्न केलं.

आत शिरलेल्या सैनिकांपैकी अनेक जण पुढे अनेक दशकं याविषयी घरात बोलले नाहीत. युद्धानंतर त्यांना कोणी फारसं विचारलंही नाही. 1945 च्या ब्रिटनमध्ये मानसिक आघातासाठी शिपायाने डॉक्टरकडे जाणं म्हणजे कमीपणा होता. कित्येकांची तोंडं उघडली ती निवृत्तीनंतर, शाळांतल्या मुलांनी किंवा संग्रहालयांनी मुलाखती मागितल्यावर.

ह्यूज यांचं पुढचं आयुष्य वेगळ्या वाटेने गेलं. ते रुग्णालयांच्या प्रशासनात राहिले आणि 1960 मध्ये, गुलबेंकियन प्रतिष्ठानच्या मदतीने, ब्रिटनमध्ये मरणाच्या दारातल्या रुग्णांची काळजी कशी घेतली जाते याची देशभर पाहणी करून अहवाल दिला. बरा न होणारा माणूस कुठे मरतो, त्याच्या उशाशी कोण असतं, वेदना कोण कमी करतं, हे प्रश्न तेव्हा ब्रिटिश वैद्यकात कोणी फारसे विचारत नव्हतं. 1967 मध्ये लंडनला मरणासन्न रुग्णांसाठीचं सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झालं, त्या चळवळीला अशा अहवालांचा आधार मिळाला. ज्या माणसाने 10,000 जण खाटेपर्यंत पोचणार नाहीत असा हिशेब करून काम सुरू केलं होतं, त्याने निवृत्तीच्या वयात न वाचणाऱ्यांच्या खाटेशी जाऊन बसावं, यात मला सरळ सांधा दिसतो. 1973 मध्ये ते वारले.

त्यांच्यावर टीका झाली आहे: पथकं कमी मागवली, नर्स उशिरा आल्या, लढाईला झुकतं माप दिलं. मला वाटतं, 15 ते 20 एप्रिल या दिवसांत हातात होतं त्यातून त्यांनी लावलेला क्रम बरोबर होता. दोष त्यांच्या वर होता आणि तो तारखांत दिसतो. वैद्यकीय विद्यार्थी खरं तर हॉलंडमधल्या उपासमारीसाठी एप्रिलमध्येच निवडले गेले होते, मग त्यांना बेल्सेनकडे वळवलं. ते पोचले 2 मेला. तोवर 9,000 माणसं गेली होती. त्यांना शस्त्रक्रिया येत नव्हती, औषधंही त्यांच्याजवळ फारशी नव्हती. त्यांनी केलेलं मुख्य काम वाटी धरण्याचं होतं. ते करायला वैद्यकीय विद्यार्थीच कशाला हवेत? तहाच्या वेळी साथीची खबर लागली होती, आणि जर्मनीत त्या आठवड्यात ब्रिटिश सैन्याचे लाखो जवान होते. टायफसची लस घेतलेल्या पाचशे साध्या शिपायांना 18 एप्रिलला दोन-दोनच्या जोडीने बराकींत पाठवलं असतं, मांसाचे डबे मागे ठेवून दुधाचं पिंप हाती दिलं असतं, आणि बिम्कोंच्या सहाशे जणांपैकी एकेक जण भाषेसाठी सोबत दिला असता, तर 9,000 चा आकडा तेवढा राहिला नसता. अशी मागणी लष्करातल्या कोणी वेळेत मान्य केली नाही.